ग्रँड कॅन्यन की झायन: खडक अभ्यासायला आधी कुठे जावे?

भूस्तरांचा क्रम समजून घेण्यासाठी ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनला तोड नाही. तळाशी सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा विष्णू शिस्ट (उष्णता आणि दाबाने रूप बदललेला खडक), माथ्यावर सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा कैबाब चुनखडक. आणि जिथे टॅपीट्स वालुकाश्म थेट शिस्टवर टेकतो, तिथे मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांची नोंदच नाही; त्या सांध्यावर तळहात ठेवला, की काळाची ही सारी पोकळी त्याखाली झाकली जाते. मात्र हे थर पाहत तळापर्यंत जाणारी उतरण दमवणारी आहे आणि उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते. युटातील झायन राष्ट्रीय उद्यानात काळाचा पल्ला लहान असला, तरी नवाहो वालुकाश्मातील ज्युरासिक वाळूच्या टेकड्यांचे तिरकस थर रस्त्यालगतच दिसतात आणि त्यांच्या उतारावरून तेव्हाच्या वाऱ्याची दिशा कळते. नवशिक्याने झायनपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे; फक्त अरुंद घळींत हवामानाचा अंदाज पाहूनच शिरावे, कारण दूरवरच्या पावसानेही तिथे अचानक पूर येतो.