घर आणि शाळा, एकच लॅपटॉप: पर्यायी सेटिंग की बॅच फाइल?

शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येक संगणकाला ठरलेला आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखायचा क्रमांक) असतो, घरी मात्र राउटरच पत्ता देतो. दोन्हीकडे केबल जोडत असाल तर विंडोजवर दोन सोपे मार्ग आहेत. (घरी वायफाय, शाळेत केबल असेल तर प्रश्नच नाही, दोन्ही अडॅप्टरची सेटिंग्ज वेगळी राहतात.)

पहिला, 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन'. अडॅप्टरच्या आयपी सेटिंगमध्ये पत्ता आपोआप घ्यायला सांगायचं आणि शेजारच्या टॅबमध्ये शाळेचा पत्ता भरून ठेवायचा. डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ता वाटणाऱ्या सेवेकडून, उत्तर आलं नाही की तो लागू होतो. थोडं थांबावं लागतं, इतकंच. पण मेख अशी, की लॅबमध्ये कुणी हौसेने राउटर जोडला आणि त्याने उत्तर दिलं, तर ठरलेला पत्ता लागतच नाही.

दुसरा, 'नेटश' (netsh, नेटवर्क सेटिंग्ज बदलणारी विंडोजची आज्ञा) वापरून दोन बॅच फाइली, म्हणजे एका क्लिकवर चालणाऱ्या आज्ञांच्या याद्या: 'घर' आणि 'शाळा'. दर वेळी क्लिक करा, वर अ‍ॅडमिनचे अधिकार हवेत. डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) आज्ञा वेगळी लिहावी लागते. 'घर'मध्ये ती राहिली तर शाळेचाच डीएनएस कायम राहतो; घरी पत्ता मिळतो, पण साइट उघडतीलच असं नाही.

शाळेत प्रॉक्सी (इंटरनेटला जाताना मधे लागणारा सर्व्हर) असेल तर मी बॅच फाइलचाच मार्ग घेईन. अल्टरनेट कॉन्फिगरेशन प्रॉक्सीला हातही लावत नाही; बॅच फाइलमध्ये मात्र तीही बदलता येते.