चोवीस त्वचारंगांची पेटी आणि आमची दोन मुले

गेल्या हिवाळ्यात माझी सात वर्षांची मुलगी शाळेतून कुटुंबाचे चित्र घेऊन आली. त्यात मी तपकिरी होते, तिचे बाबा आणि धाकटा भाऊ यांचे चेहरे कोरे होते आणि तिचा स्वतःचा चेहरा अर्धाच रंगवलेला होता. विचारल्यावर ती म्हणाली, “माझा रंग खडूंच्या डब्यात नव्हता.” आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी मूळची साताऱ्याची असून माझे पती गोरे अमेरिकन आहेत. त्याच आठवड्यात मी क्रेयोला कंपनीचा ‘कलर्स ऑफ द वर्ल्ड’ हा २४ मेणखडूंचा संच आणला. तो वर्षभर वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

याच कंपनीच्या पेटीतील एका फिकट खडूचे नाव १९६२ पर्यंत ‘फ्लेश’, म्हणजे कातडीचा रंग, असे होते आणि त्या वर्षी ते बदलून ‘पीच’ करण्यात आले. नाव बदलले, तरी बाकीच्यांच्या त्वचेसाठी डब्यात फारसे काही नव्हतेच. हा संच मे २०२० मध्ये जाहीर झाला. त्यासाठी कंपनीने सौंदर्यप्रसाधनांच्या क्षेत्रातील अनुभवी रसायनतज्ज्ञ व्हिक्टर कसाले यांची मदत घेतली. अगदी उजळ रंगापासून अगदी गडद रंगापर्यंतच्या या छटा बदामी, सोनेरी आणि गुलाबी अशा तीन झाकांमध्ये विभागलेल्या आहेत, आणि माझ्या मते संचाची खरी करामत या झाकांमध्ये आहे. आशियाई आणि गोऱ्या पालकांच्या मुलांचा रंग म्हणजे तपकिरीत पांढरा मिसळून होणारा रंग नव्हे. त्याच्याखाली कुठे पिवळसर, तर कुठे तांबूस झाक असते.

पहिल्या संध्याकाळी मुलीने खिडकीजवळच्या टेबलावर सगळे खडू ओतले आणि एकेक उचलून मनगटाला लावून पाहिला. हाताच्या पाठीला जुळणारा खडू मनगटाच्या आतल्या बाजूला जुळत नव्हता. बराच वेळ गेल्यावर तिने कागदावर एक सोनेरी छटा भरली आणि तिच्यावरून हलक्या हाताने एक गुलाबी छटा फिरवली. मी काहीही सुचवले नाही. भावासाठी मात्र तिने सगळ्यात उजळ खडूंपैकी एक निवडला, दोन्ही चेहरे शेजारी ठेवले आणि विचारले, “मग आम्ही सख्खी भावंडं कशी?”

या प्रश्नासाठी मी त्या संचाची ऋणी आहे, कारण तो तिच्या मनात आधीपासून असणार. बागेत धाकट्याबरोबर असताना मला अनेकदा “तुम्ही याला सांभाळता का?” असे विचारले जाते, आणि ते ती ऐकत असते. व्हिडिओ कॉलवर आमचेच नातेवाईक धाकट्याला “किती गोरापान!” म्हणतात, तेही ती ऐकते, आणि तिला मराठी उत्तम समजते. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा ही आपली उतरंड तिच्यापर्यंत आमच्याकडूनच पोहोचली आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते. संचातील नावेही ‘लाइट’पासून ‘डीप’पर्यंत जात असल्याने मी खडू क्रमाने न लावता बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मिसळून ठेवले. हा बदल प्रत्येक पालकाने करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने गोऱ्या आणि काळ्या बाहुल्यांपैकी आवडती निवडायला सांगणाऱ्या आपल्या प्रसिद्ध प्रयोगांबरोबर कृष्णवर्णीय मुलांना स्वतःच्या रंगाने चित्र रंगवण्यासही सांगितले होते, आणि काही मुलांनी स्वतःपेक्षा फिकट खडू उचलले होते. आमच्या मुलांची परिस्थिती त्या मुलांसारखी नाही, पण लहान मूल खडू निवडताना केवळ आरशात दिसणारा रंग निवडत नसते, हे तेव्हापासून माहीत आहे.

खडूंकडून याहून अधिक अपेक्षा मात्र ठेवू नये. मिश्रवंशीय मुलांच्या ओळखीविषयी मानसशास्त्रज्ञ पोस्टन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रारूपात एक टप्पा असा आहे, ज्यात मुलाला कोणत्या तरी एका गटाची निवड करणे भाग पडते. तो दबाव कागदपत्रांतूनही येतो. अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा २००० मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ३८ लाख लोकांनी तशी नोंद केली. तरीही एका शिबिराच्या अर्जावर मला मुलीसाठी एकच चौकट निवडायला सांगण्यात आले. मी दोन निवडल्या आणि ते तिला दाखवले. रंग जुळला म्हणून ती मराठी ठरत नाही आणि धाकट्याचा जुळला नाही म्हणून तो परका होत नाही, ही गोष्ट आजीच्या फोटोंतून, घरातल्या भाषेतून आणि अशा चौकटींतूनच समजावावी लागते.

खरेदी करणार असाल, तर २४ ऐवजी ३२ खडूंचा संच घ्यावा. त्यात केसांसाठी चार आणि डोळ्यांसाठी चार रंग जास्त आहेत. आमच्या धाकट्याचे डोळे हिरवट करडे असल्यामुळे ही उणीव आम्हाला लगेच जाणवली. मुलाच्या शेजारी जरूर बसावे, पण “हा बघ तुझा रंग” असे म्हणून खडू हातात देऊ नये. आमच्याकडे ती सोनेरी आणि ती गुलाबी छटा आता बोटाच्या पेराएवढी उरली आहे. बाकीच्या बावीसपैकी बरेच खडू अजून लांबलचक आहेत.