चापा कोणत्या आणायच्या: बोकडाच्या, बोल्हाईच्या की फ्रोझन लॅम्बच्या? आणि बाजूला काय वाढायचं?

घरी चापा, म्हणजे बरगडीच्या हाडासकट मांसाचे तुकडे, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी रेसिपी शोधतात आणि मग मटण आणायला निघतात. क्रम उलटा हवा. मांस कोणतं मिळतंय ते आधी ठरवा. शिजवायची पद्धत आणि ताटातली बाजू त्यावरूनच ठरते. बोकडाच्या चापेला कुकर लागतो, लॅम्बच्या चापेला कुकर दाखवायचाही नाही, आणि मेंढीची चाप या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. एकाची कृती दुसऱ्याला लावली की चाप एकतर चिवट होते नाहीतर कोरडी.

महाराष्ट्रात नुसतं 'मटण' म्हटलं की बोकडाचं. पुणे परिसरात मात्र 'बोल्हाईचं मटण' अशी पाटी दिसते, ते मेंढीचं. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी मंडळी बोकड खात नाहीत, म्हणून ही वेगळी दुकानं. लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं कोकरू, तेव्हा चवीच्या नात्याने बोल्हाईचं मटण त्याला सगळ्यात जवळचं. फरक वयाचा. तिसरा पर्याय मोठ्या शहरांत फ्रोझन मिळणारा ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा लॅम्ब रॅक: आठ बरगड्यांची अख्खी पट्टी, हाडांची टोकं खरवडून साफ केलेली. किमतीला तो बोकडाच्या कितीतरी पट.

बोकडाची चाप: दोन टप्प्यांचं काम

बोकडाचं मांस कमी चरबीचं आणि घट्ट धाग्याचं. नुसत्या तव्यावर जोरात भाजलं तर वरून करपतं आणि आत रबर राहतं, कारण धाग्यांमधला चिवट भाग विरघळायला बराच वेळ ओली उष्णता लागते. म्हणून आधी वाफवायचं, मग तळायचं.

दुकानात सांगताना नुसतं 'चापा द्या' म्हणू नका. मानेकडच्या चापांत चरबी आणि शिरा जास्त असतात, कमरेकडच्यांत मांसाचा गोळा चांगला भरतो. छोट्या बोकडाची एका बरगडीची चाप पातळ निघते, तेव्हा दोन बरगड्या एकत्र ठेवून त्यातलं एक हाड काढून टाकायला आणि मांस सत्तूरच्या पाठीने हलकं ठोकून द्यायला सांगा. घरी आणल्यावर प्रत्येक चापेच्या हाडावरून बोट फिरवून पाहा. ठोकळ्यावर तोडताना हाडाचे बारीक तुकडे मांसात रुततात आणि ते दाताखालीच सापडतात. आणखी एक: रविवारी सकाळी आठला कापलेलं मटण दहाला कुकरमध्ये घालायची आपली सवय चापांना मानवत नाही. कापल्यावर काही तास मांस आखडलेलं असतं. शनिवारी आणून, झाकून, एक रात्र फ्रिजमध्ये ठेवलं तर फरक चावताना कळतो.

एक किलो चापांना आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं दोन मोठे चमचे वाटण, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ लावून दोन तास ठेवा. कुकरमध्ये तीन वाट्या पाणी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 10 ते 12 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. सुरी सहज शिरली पाहिजे, पण मांसाने हाड सोडता कामा नये. इथेच सगळ्यात जास्त चुकतं: 'अजून दोन शिट्ट्या होऊ द्या' म्हणता म्हणता मांस हाडावरून घसरतं आणि हाती चाप राहत नाही, सुकं मटण राहतं. कमी शिजलं तर पुन्हा कुकर लावता येतो, जास्त शिजलं तर इलाज नाही.

मग चापा निथळून पूर्ण गार करा. गरम, ओल्या चापेला लावलेलं आवरण तेलात सुटतं, कारण आतली वाफ ते ढकलून देते. दोन चमचे लाल तिखट, एक चमचा गरम मसाला आणि लिंबाचा रस चोळून, अंड्यात बुडवून बारीक रव्यात घोळवायचं आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं कमी तेलात तळायचं. रवा कुरकुरीत राहतो, ब्रेडचा चुरा तेल जास्त पितो. क्रम उलटा करून आधी चुरा आणि मग अंडं असं केलं तर पारशी कटलेसासारखी जाळीदार झालर येते. दिसायला झकास, पण लगेच खावं लागतं.

कुकरमधलं पाणी ओतून देऊ नका. तेच आळणी पाणी. या पद्धतीचा निम्मा फायदा तिथेच आहे, त्याबद्दल पुढे.

बोल्हाईची चाप: तव्यावरची

मेंढीच्या मांसात चरबी जास्त आणि तिचा वास उग्र. काहींना तोच हवा असतो, काहींना घरात नको होतो. हा वास मुख्यतः चरबीत असतो, मांसात कमी. त्यामुळे बाहेरची जाड चरबी आणि तिच्यावरचा पातळ पापुद्रा सुरीने सोलून काढला तर वास बराच कमी होतो. सगळी चरबी मात्र काढू नका, पाव बोट जाडीची कड ठेवा, नाहीतर तव्यावर चाप सुकते.

जनावर किती वयाचं हे दुकानदाराला विचारा. कोवळं असेल तर कुकर लागत नाही. किलोला पाऊण वाटी घट्ट दही, एक मोठा चमचा सालीसकट वाटलेली कच्ची पपई, आलं-लसूण, तिखट, मीठ. तीन तास पुरे. पपईचा चीक मांस मऊ करतो, पण फक्त जिथे लागेल तिथे; आत फारसा शिरत नाही. शिवाय फ्रिजच्या थंडीत तो संथ असतो आणि तव्यावर मांस गरम होऊ लागलं की खरा कामाला लागतो. म्हणून 'रात्रभर ठेवलं तर जास्त मऊ' हा हिशेब चुकीचा. रात्रभरात वरचा थर पिठूळ होतो आणि हाडाजवळ चिवट ते चिवटच. बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं, एकदा उलटून, मग झाकण काढून आच मोठी करून सुटलेलं पाणी आटवायचं आणि दोन्ही बाजू लालसर करायच्या. निखाऱ्यावर करणार असाल तर ठिबकणाऱ्या चरबीने ज्वाळा उठतात. चापा निखाऱ्याच्या कडेला सरकवायची जागा ठेवा.

जनावर थोराड असेल तर ही पद्धत विसरा आणि बोकडासारखा कुकर लावा.

लॅम्बची चाप: मिनिटांचा खेळ

बरगडीच्या पाठीचं हे मांस जनावर फारसं वापरत नाही, शिवाय वय कमी. त्यात विरघळवण्यासारखं चिवट काही नसतंच. शिजवत राहिलात तर मऊ होत नाही, आतलं पाणी पिळून निघतं. म्हणून पपई नको, दही नको, कुकर तर नकोच.

फ्रोझन रॅक फ्रिजच्या खालच्या खणात 24 तास वितळू द्या. ओट्यावर किंवा गरम पाण्यात नाही. बरगड्यांच्या मधून कापा. एका बरगडीची चाप साधारण दोन सेंटिमीटर जाड येते आणि बघता बघता जास्त शिजते. हातात थर्मामीटर नसेल तर दोन-दोन बरगड्यांची चाप करा, चुकायला जरा वाव मिळतो. पाचशे ग्रॅमला पाऊण चमचा मीठ, एकतर तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी किंवा किमान 40 मिनिटं आधी. मधल्या वेळेत मीठ पाणी बाहेर ओढून ठेवतं आणि ओली चाप भाजली जात नाही, उकडते. तव्यावर जाण्याआधी टिश्यूने कोरडी टिपायची.

चापा चिमट्याने चरबीच्या कडेवर उभ्या धरून मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. चरबी वितळली की तीच तेलाचं काम करते. मग आच मोठी, एका बरगडीच्या चापेला प्रत्येक बाजू दोन मिनिटं, दोन बरगड्यांच्या चापेला चार. थर्मामीटर बाजूने मांसाच्या मध्यावर खुपसायचा, हाडाला टेकू द्यायचा नाही. आतून गुलाबी हवी असेल तर 55 अंश सेल्सियसला उतरवा, पाच मिनिटांच्या विसाव्यात तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सुरक्षित किमान आकडा 63 अंश आणि वर तीन मिनिटं विसावा असा आहे. लहान मुलं, वयस्कर किंवा गरोदर बाई जेवायला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. 70 च्या पुढे मात्र पैसे वाया गेले म्हणायचे.

आपल्या स्वयंपाकघरात हमखास होणारी गडबड म्हणजे लॅम्बला आलं-लसणाचं वाटण आणि गरम मसाला फासून तवा धगधगीत करणं. वाटण मिनिटभरात करपतं आणि कडू लागतं. मिरी, मीठ एवढंच लावा. लसूण हवीच असेल तर शेवटच्या मिनिटाला आच कमी करून दोन-तीन ठेचलेल्या पाकळ्या लोण्यात टाका आणि ते लोणी चमच्याने चापांवर ओता.

आतून गुलाबी मांस घरात कुणीच खाणार नसेल, तर सरळ सांगायचं तर लॅम्ब आणू नका. त्या पैशात बोकडाच्या चापा करून शेजारच्यांनाही बोलावता येईल.

परदेशातल्या मराठी घरांचा प्रश्न उलटा असतो: सुपरमार्केटमध्ये लॅम्ब सहज, बोकडासाठी हलाल दुकान शोधावं लागतं. तिथे एक फसगत होते. 'शोल्डर चॉप' नावाने स्वस्त मिळणारी चाप म्हणजे फऱ्याचं मांस. तिला चार मिनिटांचा तवा चालत नाही, झाकून मंद आचेवर शिजवावं लागतं. 'रिब' किंवा 'लॉइन' लिहिलेलं असेल तरच वरची कृती लावा.

बाजूला काय?

इथे पाहायची गोष्ट एकच: चरबी किती. कोरड्या चापेला ओलावा द्यायचा, चरबीच्या चापेला आंबट.

बोकडाच्या चापांना रस्सा हवाच, आणि तो कुकरमध्ये तयार आहे. आळणी पाण्यात खसखस, तीळ आणि ओल्या नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा करा. नारळाचं दूध घातल्यावर उकळी फुटू देऊ नका, फाटतं. सोबत ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. हे ताट पूर्ण आहे, त्यात पुलाव वगैरे घुसडायची गरज नाही. पाव चालतो, पण रव्याच्या कुरकुरीत आवरणाबरोबर भाकरीचा खरखरीतपणा जास्त जुळतो.

मेंढीच्या आणि लॅम्बच्या चरबीची खोड अशी की ती लवकर थिजते. गार ताटात वाढलेली चाप पाच मिनिटांत पांढरी पडते आणि थंडगार काही प्यायलं की टाळूला मेणाचा थर बसतो. म्हणून ताटं गरम करून घ्या, आणि फ्रिजमधली सोलकढी किंवा दह्याची थंड कोशिंबीर या चापांसोबत नको. सोलकढी आवडत असेल तर साधीच, गार न केलेली, आणि नारळाचं दूध बेताने घातलेली. बोल्हाईच्या चापांना खानदेशी वांग्याचं भरीत छान जातं, पण तेल हात राखून. शिवाय कांद्याच्या चकत्या व्हिनेगर आणि मिठात वीस मिनिटं मुरवून.

लॅम्बसोबत इंग्रजी पद्धतीचा पुदिन्याचा सॉस आपल्या हिरव्या चटणीपेक्षा सरस ठरतो. चटणीतली मिरची आणि लसूण लॅम्बची नाजूक चव झाकून टाकतात. मूठभर पुदिना बारीक चिरा, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे उकळतं पाणी; दहा मिनिटांनी दोन मोठे चमचे व्हिनेगर. बटाटे मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडून, निथळून, पातेल्यात हलवून कडा जरा खरबरीत करा आणि चापांनी सोडलेल्या चरबीतच खरपूस परता. चापा विसावत असतानाची पाच मिनिटं याला पुरतात, पण बटाटे आधी उकडून तयार हवेत. लोणी घालून घोटलेला बटाटा मात्र टाळा, चरबीवर चरबी होते. हिरवं काही हवं तर वाफवलेला मटार किंवा फरसबी, वर लिंबू.

माणशी बोकडाच्या चार चापा धरा, लॅम्बच्या तीन. चार जणांना लॅम्बचे दीड रॅक लागतात, म्हणजे दोन आणावे लागतात, हेही ठरवताना लक्षात घ्या. बोकडाच्या चापा आदल्या दिवशी वाफवून ठेवून पाहुणे आल्यावर तळता येतात. लॅम्बच्या वेळी कुणीतरी तव्यापाशी उभं आणि बाकीचे आधीच ताटावर बसलेले हवेत. उरलेल्या बोकडाच्या चापा दुसऱ्या दिवशी रश्श्यात टाकून गरम होतात. उरलेला लॅम्ब पुन्हा तापवला की कडक होतो. तो पातळ कापून पुदिन्याच्या सॉससकट गरम पावात घालावा, पण चरबीची कड आधी काढून.