विणीच्या हंगामातील नौकाफेरी : अंतर राखणारी सेवा

पाणपक्षी अंड्यांवर बसलेले असताना तलावात नाव न्यावीच का, ही शंका मनात ठेवूनच मी या पक्षीनिरीक्षण फेरीला गेलो होतो. दोन तासांनी काठावर उतरलो तेव्हा ती बरीचशी फिटली होती, आणि त्याचे श्रेय नावाड्याला आहे.

नाव वल्ह्यांची आहे, ही जमेची बाजू. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचे घरटे म्हणजे ओल्या पाणवनस्पतींचा, लव्हाळ्यात जेमतेम अडकवलेला तरंगता ढीग असतो. इंजिनाच्या बोटीमागे उठणाऱ्या लाटेने त्यातली अंडी पाण्यात जाऊ शकतात. मात्र आवाज नाही म्हणजे त्रास नाही, असे मुळीच नव्हे. मोठ्या बोटी जेथे पोहोचत नाहीत अशा उथळ, गवताळ भागात छोटी नाव सहज शिरते, आणि घरटी नेमकी तेथेच असतात. आमचा नावाडी पाणकणसांपासून साधारण ६० मीटर लांबून, काठाला समांतर नाव नेत होता. घरट्याच्या रोखाने त्याने ती एकदाही वळवली नाही.

तरीही एका टिबुकलीने मान ताठ केली आणि चोचीने भराभर शेवाळ ओढून अंडी झाकायला सुरुवात केली. कोणी काही म्हणायच्या आत, “ती आता उठेल, आपण मागे जाऊ,” असे हलक्या आवाजात सांगून त्याने नाव मागे घेतली. पक्षी घाईने उठला तर अंडी उघडी राहतात, कावळ्यांच्या नजरेस पडतात आणि उन्हात तापतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे तीन आठवडे अंडी उबवतात. त्या काळात रोज अनेक नावांनी असे उठवले, तर एकेका नावेची पाच मिनिटेही जड जातात. ही सेवा दिवसाला दोनच फेऱ्या काढते आणि भर दुपारी नाव सोडत नाही, हे मला फार आवडले.

उणिवा दोन आहेत. सूचना नाव निघाल्यावर दिल्या गेल्या, त्यामुळे एक सहप्रवासी छायाचित्रासाठी अचानक उभा राहिला आणि वारकरी पक्ष्यांची जोडी पाण्यावर पाय आपटत पळाली. शिवाय सहा जणांत दुर्बिणी दोनच होत्या. दुरूनच पाहायचे असेल, तर प्रत्येकाच्या हाती दुर्बीण हवीच. ती व्यवस्था होईपर्यंत जाणाऱ्यांनी स्वतःची न्यावी. मोबाइलवर घरट्याचे जवळून छायाचित्र हवे असणाऱ्यांनी ही फेरी घेऊ नये.