‘तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल’: एअर पिस्तुलाच्या नावाखाली झालेली फसवणूक

कागदी निशाण्यावर नेम धरायचा सराव करावा म्हणून मी ऑनलाइन एक प्रतिकृती एअर पिस्तूल मागवलं आणि त्यात माझे पैसे बुडाले. पण सगळ्यात जास्त चीड आली ती विक्रेत्याच्या शेवटच्या निरोपाची. "तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल. शस्त्र तुम्ही मागवलंय." लोक घाबरून गप्प बसतात, या भरवशावर ही लबाडी चालते. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. या पिस्तुलाच्या मुठीत 12 ग्रॅमची सीओटूची (कार्बन डायऑक्साइड वायूची) कॅप्सूल बसते आणि तिच्यातला वायू 4.5 मिलिमीटरचा छर्रा पुढे ढकलतो. दिसायला ते एखाद्या प्रसिद्ध पिस्तुलासारखं हुबेहूब असतं, कारण चांगले उत्पादक मूळ कंपनीची रीतसर परवानगी घेऊनच तशी प्रतिकृती बनवतात. जर्मनीची उमारेक्स ही यातली मोठी कंपनी. वाल्थर ही पिस्तुलांची प्रसिद्ध कंपनी तर 1993पासून तिच्याच मालकीची आहे. पाच-सहा मीटरवर कागद लावायचा, मागे छर्रा अडेल असं काही ठेवायचं, डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवायचा आणि चाप हळूहळू ओढायला शिकायचं. मन एकाग्र करणारा, शांत छंद आहे हा.

जाहिरातीत लिहिलं होतं: पूर्ण धातूचं, ब्लोबॅक (प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर वरचा भाग मागे सरकणारं), 4.5 मिलिमीटर, वेग सेकंदाला 120 मीटर, शक्ती 11 जूल, ऑलिंपिक दर्जाची अचूकता. सोबत झकास फोटो. यातली खोटी विधानं एकमेकांनाच उघडी पाडतात, ती कशी ते सांगतो.

पोलादी गोल छर्रा साधारण 0.33 ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला 120 मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा जेमतेम 2.4 जूल भरते. 11 जूल हवे असतील तर वेग 250च्या वर लागेल. म्हणजे एकाच जाहिरातीतले दोन आकडे एकत्र खरे असूच शकत नाहीत. त्यात फोटोतल्या पिस्तुलावर पंचकोनात ‘एफ’ अक्षराची खूण होती. जर्मनीत ही खूण 7.5 जूलपर्यंतच्या हवाई शस्त्रांवर असते. फोटो कुठल्या तरी खऱ्या मालाचा होता आणि मजकूर विक्रेत्याने मनाने रचलेला होता.

अचूकतेचंही तसंच. ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूल 1988च्या सोल स्पर्धेपासून आहे. तिथे दहा गुणांचं वर्तुळ फक्त 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्या पिस्तुलांच्या नळीला आतून आटे असतात आणि त्यात शिशाचे, कमरेत निमुळते पेलेट वापरतात. पोलादी गोल छर्ऱ्यांच्या प्रतिकृतींची नळी सहसा आतून गुळगुळीत असते. हौशी सरावाला ती पुरते, पण ऑलिंपिकशी तिची तुलनाच होत नाही.

पार्सल आलं. माहितीपत्रक नाही, नळीवर किंवा स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) उत्पादकाचं नाव नाही, अनुक्रमांक नाही, पंचकोनातली ती खूणही नाही. एका ओळखीच्यांनी चुंबक लावून बघायला सांगितलं. पण ही चाचणी फसवी आहे. चांगल्या प्रतिकृतींची स्लाइडसुद्धा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिला चुंबक चिकटत नाही. तेवढ्यावरून माल खोटा ठरत नाही आणि खराही.

खरा प्रकार कळला तो छर्रे भरताना. सोबत पोलादी छर्ऱ्यांची बाटली दिली होती, पण ते मॅगझिनमध्ये थांबतच नव्हते, गळून पडत होते. मॅगझिन आणि कॅप्सूल काढून ठेवून नळीचं तोंड मोजलं तर ते 6 मिलिमीटर! ते प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं एअरसॉफ्ट पिस्तूल होतं. नळीच्या टोकावरचा काळा रंग नखाने खरवडला तर खालून नारिंगी रंग निघाला. ही नारिंगी टोकं काही देशांत खेळण्यातल्या आणि एअरसॉफ्ट पिस्तुलांना सक्तीची आहेत, ती लांबून ओळखता यावीत म्हणून. तो रंग झाकून हे विकलं होतं, आणि 6 मिलिमीटरच्या नळीसोबत 4.5 मिलिमीटरच्या नळीसाठीचे पोलादी छर्रे दिले होते. हे फक्त खोटं नाही, धोक्याचं आहे. नळीत सैल असलेला छर्रा कुठे जाईल याचा भरवसा नसतो आणि कठीण जागेवर आपटलेला पोलादी छर्रा उलटून नेमबाजाच्याच डोळ्यात जाऊ शकतो. मी त्यातून एकही छर्रा उडवला नाही.

कॅप्सूल बसवल्यावर फुस्स आवाज येऊन मुठीवर दव साचलं होतं आणि थोड्या वेळात सगळा वायू निघून गेला होता. सील जुनं झालेलं, म्हणजे माल वापरलेला. विक्रेता म्हणाला, "थंडीत दाब कमी होतो, असं होतंच." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. सीओटूचा दाब 20 अंश सेल्सिअसला साधारण 57 बार असतो आणि शून्य अंशाला 35च्या आसपास उतरतो. पण थंडीने वेग कमी होतो, वायू गळत नाही. वायू गळतो तो सीलमधून.

मग पुढची वसुली सुरू झाली. आधी दुरुस्ती किटचे पैसे, मग माल परत घेण्याचं शुल्क, आणि शेवटी "जगात कुठेही परवाना लागत नाही" असं प्रमाणपत्र देण्याची फी. असा कागद कोणी विक्रेता देऊच शकत नाही. जर्मनीत परवान्याशिवायची मर्यादा 7.5 जूलची आणि किमान वय 18. ब्रिटनमध्ये हवाई पिस्तुलाला 6 फूट-पाउंडची, म्हणजे साधारण 8 जूलची मर्यादा आहे, शिवाय हुबेहूब नकली शस्त्रांच्या विक्रीवर 2006च्या कायद्याने वेगळे निर्बंध आहेत. कुठे ऊर्जा बघतात, कुठे रूप, कुठे दोन्ही. आपल्या देशाचा नियम आपण पोलिसांकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून विचारून घ्यायचा. तो मी मागवण्याआधीच विचारला होता, म्हणून विक्रेत्याने फीसाठी तगादा लावला तेव्हा मी ठाम राहिलो.

फी नाकारल्यावरच ती धमकी आली. ती पोकळ होती. पोलिसांकडे आणि बँकेकडे मी लेखी तक्रार दिली, दोन्हीकडे नीट ऐकून घेतलं. कोणी मला गुन्हेगारासारखं वागवलं नाही. कामी आली ती जाहिरातीची टिपून ठेवलेली चित्रं, सगळे संदेश आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ. तुमच्याकडे असा माल आला असेल तर तो दुरुस्त करू नका, रंग पूर्ण खरवडू नका, आहे तसा ठेवा. तोच पुरावा आहे.

पैसे अजून मिळालेले नाहीत, तक्रार चालू आहे. त्या विक्रेत्याचं पान बंद झालं, पण तोच फोटो आता दुसऱ्या नावाखाली दिसतो. पंचकोनात ‘एफ’ असलेलं पिस्तूल आणि खाली 11 जूल असा मजकूर दिसला, तर पैसे पाठवू नका आणि त्या पानाची तक्रार लगेच नोंदवा.