मशीन कपडे पिळत नाही: स्वतः बघावं, मेकॅनिक बोलवावा, कंपनीला कळवावं की नवं घ्यावं?

मशीन पाणी घेतं, कपडे धुतं आणि शेवटी चिंब ओले तसेच ठेवून थांबतं. पावसाळ्यात हे झालं की घरात घाई होते, कारण जुलैत न पिळलेली जीन्स ड्राय बाल्कनीच्या दोरीवर तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. याच घाईत दोन उलट्या चुका होतात. कुणी शे-दोनशे रुपयांच्या भागासाठी मशीनच बदलून टाकतं, तर कुणी आयुष्य संपलेल्या मशीनवर हजारो रुपये घालतं. चारांपैकी कोणता मार्ग धरायचा, हे मशीन किती जुनं आहे यावरून कमी ठरतं आणि पिळायच्या वेळी ते नेमकं काय करतंय यावरून जास्त. म्हणून कुणालाही फोन करण्याआधी दहा मिनिटं मशीनसमोर उभं राहा.

पहिला प्रश्न: टबमध्ये पाणी उरलंय का?

पाणी असेल तर बिघाड बहुधा पिळण्याचा नाहीच, निचऱ्याचा आहे. पाणी पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय कोणतंही ऑटोमॅटिक मशीन वेग घेत नाही. एलजीच्या पडद्यावर अशा वेळी ‘ओई’ दिसतं, सॅमसंगवर ‘५ई’ किंवा ‘५सी’. इथे मोटर, बेल्ट, पीसीबी (मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्ड) यांच्याबद्दल कुणी बोलायला लागलं तर त्याला थांबवा. आधी पाइप, मग फिल्टर, मग पंप किंवा ड्रेन मोटर, हाच क्रम.

पाइपची उंची मशीनच्या जातीप्रमाणे बदलते आणि घर बदलल्यावर नेमकी इथेच गडबड होते. सेमी-ऑटोमॅटिक आणि बहुतेक टॉप लोड मशीनमधलं पाणी उतारानं जातं, त्यांना पंप नसतो. त्यांचा पाइप जमिनीलगतच हवा. बाल्कनीच्या उंबऱ्यावरून चढवून मोरीत नेला तर निम्मं पाणी आतच राहतं. फ्रंट लोडला पंप असतो, त्याचा पाइप याउलट साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवावा लागतो. तो जमिनीवर टाकला तर पाणी भरता भरताच वाहून जातं.

पाणी नसेल आणि तरीही टब फिरत नसेल, तर दुसरा प्रश्न भाराचा. एकटी गोधडी, एकटी सतरंजी, नुसता बाथरूमचा पायपुसणा पाणी पिऊन टबच्या एका बाजूला बसतो. मशीन हळू फिरवून तोल साधायचा प्रयत्न करतं, जमलं नाही की पुन्हा पाणी घेतं, आणि घड्याळ शेवटच्या नऊ-दहा मिनिटांवरच अडकतं. ‘यूई’ हा इशारा त्याचाच. गोधडीसोबत दोन-तीन टॉवेल टाका, मोकळे करून पसरा, फक्त स्पिन लावा. कपडे काढून रिकामं मशीन पूर्ण वेगानं फिरलं, तर ते ठणठणीत आहे, मेकॅनिकची गरज नाही. रेनकोट आणि गादीची जलरोधक खोळ मात्र मशीनमध्ये पिळायला टाकूच नका. त्यांत पाणी फुग्यासारखं अडकतं, भर वेगात एकदम सरकतं आणि टब मशीनच्या अंगावर आदळतो.

सेमी-ऑटोमॅटिक: इथे स्वतःच्या हातानं सर्वांत जास्त काम होतं

ज्याला सगळे ड्रायर म्हणतात, त्या छोट्या टबला वेगळी मोटर असते. धुण्याची बाजू चालते आणि ड्रायर फिरत नाही, याचा अर्थ बिघाड चार-पाच जागांतच शोधायचा आहे. झाकणाखालचा स्विच, टायमर, कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारी छोटी डबी), ब्रेक, आणि शेवटी मोटर.

अजिबात आवाज नाही: झाकणाचा स्विच किंवा टायमर. झाकणाचा प्लॅस्टिकचा खटका तुटला की स्विच दाबलाच जात नाही, आणि तुटलेला खटका डोळ्यांनी दिसतो.

गुं गुं आवाज येतो, टब हलत नाही: कंडेन्सर किंवा ब्रेक. झाकण बंद झालं की एक तार ब्रेक ओढून सोडवते. तार ताणून सैल झाली किंवा तुटली, तर ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, मोटर त्याच्याशी झुंजते आणि जळक्या रबरासारखा वास येतो. वास असेल तर ब्रेक, नसेल तर आधी कंडेन्सर बघावा. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असतो. त्यामुळे झाकण उघडून टब हातानं फिरवला आणि जड लागला, म्हणून ‘जाम झाला’ असा निष्कर्ष काढू नका.

कंडेन्सर बदलणं स्वस्त आहे, पण तीन पथ्यं पाळावी लागतात. पिन काढल्यावरही त्यात वीज साठून असते, म्हणून इन्सुलेटेड दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरवर रेझिस्टर लावून किंवा जाणकाराकडून ती उतरवल्याशिवाय टोकांना हात नको. ड्रायरचा कंडेन्सर सहसा ५ किंवा ६ मायक्रोफॅरडच्या आसपास असतो, पण अंदाज न करता जुन्यावर छापलेला आकडाच घ्या. मोठ्या आकड्याचा लावला की मोटर जोमानं फिरेल हा समज मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांना, महागात पडतो, ती तापून जळते. आणि तिसरं, काही मशीनमध्ये दोन्ही मोटरांचे कंडेन्सर एकाच डबीत, तीन वायरींचे असतात. वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात विजेच्या सुट्या सामानाची दुकानं आहेत. जाताना जुना कंडेन्सर पिशवीत घेऊन जा, तोंडी वर्णनावर भाग आणू नका.

ड्रायर फिरतो पण कपडे ओलेच राहतात, अशी तक्रार असेल तर टबच्या बाहेरच्या भांड्यात पाणी तुंबलंय का बघा. निचरा अडला की टब पाण्यातच फिरतो आणि वेग पकडत नाही. खालचं रबरी सील फाटलं असेल तर तेच पाणी मोटरवर ठिबकतं. सील न बदलता नुसती मोटर बदलणाऱ्याला पैसे देऊ नका, नवी मोटरही तशीच जाईल.

टॉप लोड: दोष मोटरला, चूक बहुधा ड्रेन मोटरची

फुली ऑटोमॅटिक टॉप लोडमध्ये एक छोटी ड्रेन मोटर दोन कामं एकदम करते. ती निचऱ्याची झडप उघडते आणि त्याच ओढीत क्लचचा खटका सरकवते. धुताना फक्त तळाची चकती फिरते, खटका सरकला की चकती आणि टब एकत्र फिरतात. त्यामुळे ही मोटर अर्धवट ओढत असेल तर एक फसवं लक्षण दिसतं: पाणी जातं, मोठ्या मोटरचा आवाज येतो, पण टब जागचा हलत नाही, नुसती चकती गरगरते. इथे ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगणारे भेटतात. गिअरबॉक्स उघडण्याआधी मशीन आडवं करून क्लचचा खटका पूर्ण सरकतोय का, बेल्ट सैल झालाय का, हे दाखवायला सांगा. बेल्टची काळी भुकटी तळाशी पडलेली असेल तर उत्तर तिथेच आहे.

झडपेत केस, धागे आणि बोअर-टँकरच्या पाण्याचे क्षार बसून ती चिकटते. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मृदू. पण उपनगरांतल्या ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, तिथे ही तक्रार आधी येते. महिन्यातून एकदा मशीनमधला ‘टब क्लीन’ प्रोग्राम चालवणं हा खर्च न करता होणारा उपाय.

या मशीनमध्ये घरी काय करावं? झाकण नीट बसवणं, मशीन चारही पायांवर समतल करणं, पाइप मोकळा करणं, पिन काढून दहा मिनिटांनी लावणं. त्यापुढे नको. इन्व्हर्टर मशीनच्या (ज्यात मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक कार्ड कमी-जास्त करतं) कार्डावर पिन काढल्यावरही काही काळ धोकादायक व्होल्टेज राहतं.

फ्रंट लोड: फिल्टर तुमचा, बाकी जाणकाराचा

खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. पिन काढा, गरम पाण्याची धुलाई झाली असेल तर पाणी निवू द्या, पसरट ताट आणि जुना टॉवेल लावा, बारीक नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, मग फिल्टर सावकाश डावीकडे फिरवा. नाणी, केसाच्या पिना, ब्राची तार, बटणं. फिल्टर काढल्यावर आत बोट न घालता टॉर्च मारा, पंपाची पाती मोकळी दिसायला हवी. हातधुलाईची पावडर वापरली तरी स्पिन अडतं, कारण फेसानं पंपाला पाणी पकडता येत नाही. पावडर बदला आणि एकदा साबणाशिवाय नुसतं खळबळून घ्या.

त्यानंतरही ड्रम फिरत नसेल तर मोटर कोणत्या जातीची आहे, ते मेकॅनिक येण्याआधी माहीत करून घ्या. जुन्या बेल्टवाल्या मशीनच्या मोटरला कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे, असतात. ते झिजले की ड्रम आधी अडखळतो, मग बंद पडतो. काम किरकोळ आहे, कार्बन जोडीनंच बदलावे. इन्व्हर्टर किंवा डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय ड्रमला थेट जोडलेल्या) मोटरला कार्बनच नसतात. अशा मशीनचे ‘कार्बन गेलेत’ असं कुणी म्हणालं, तर त्याला मशीन उघडू देऊ नका.

बेअरिंगचं दुखणं वेगळं. महिनोन्‌महिने स्पिनचा आवाज वाढत जातो, विमान उडाल्यासारखा. दार उघडून ड्रमची वरची कड धरून हलवा. ड्रम टबसकट हलला तर ठीक. ड्रम एकटा खडखडत हलला तर बेअरिंग संपलंय, आणि सील फुटून पाणी आत गेलंय. तळमजल्यावर आणि उघड्या बाल्कनीत आणखी एक कारण असतं: उंदीर. बऱ्याच फ्रंट लोडचा तळ मोकळा असतो, ते वायरिंग कुरतडतात. लेंड्या दिसल्या तर पिन लावूच नका.

मेकॅनिक की कंपनी

| मशीनची स्थिती | कुणाला बोलवावं |
|---|---|
| वॉरंटीत आहे | फक्त कंपनी. स्वतःही उघडू नका |
| सेमी-ऑटोमॅटिक, वॉरंटी संपली | ओळखीचा मेकॅनिक |
| बेल्टवालं टॉप लोड | मेकॅनिक, मूळ भाग मिळत असेल तर |
| इन्व्हर्टर मशीन, पडद्यावर मोटरचा इशारा | कंपनी |
| फ्रंट लोडचं बेअरिंग | दोघांकडून दर घ्या |

गल्लीतला मेकॅनिक त्याच दिवशी येतो, भाग दुरुस्त करून बघतो आणि स्वस्त पडतो. कंपनीचा माणूस भाग दुरुस्त करत नाही, बदलतो, आणि पाहणीचं शुल्क वेगळं लागतं. तरी इन्व्हर्टर मशीनसाठी कंपनीच बरी असं आमचं ठाम मत आहे, कारण बिघाड कार्डात आहे की मोटरच्या सेन्सरमध्ये हे अंदाजानं ठरवलं तर चुकीचा महाग भाग माथी येतो. ‘मोटरवर १० वर्षांची वॉरंटी’ हे वाक्य मात्र नीट वाचा. ती बहुतेक वेळा फक्त मोटरच्या भागाची असते. कार्ड, बेअरिंग, मजुरी आणि फेरी तिच्यात धरलेली नसते.

कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, तिथे कंपनीच्या नावानं भलतेच नंबर असतात. वॉरंटी कार्डावरचा किंवा मशीनच्या स्टिकरवरचा घ्या. कुणीही आलं तरी काम सुरू होण्याआधी आकडा लिहून घ्या, काढलेला जुना भाग परत मागा आणि बदललेल्या भागाची हमी किती दिवसांची, ते पावतीवर उतरवून घ्या. ‘मशीन वर्कशॉपला न्यावं लागेल’ असं सांगितलं तर बेअरिंगसाठी ते पटण्यासारखं आहे. फिल्टर, पंप, बेल्ट, स्विच ही कामं घरीच होतात.

नवं कधी घ्यावं

सात किलोचं नवं सेमी-ऑटोमॅटिक साधारण ९ ते १२ हजारांत, टॉप लोड १५ ते २० हजारांत आणि फ्रंट लोड त्याहून महाग येतं. दुरुस्तीचा आकडा याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल आणि टबला गंज नसेल, तर दहा वर्षांचं मशीनही दुरुस्त करावं. सेमी-ऑटोमॅटिक तर मोटर जळेपर्यंत सोडू नये. नव्याकडे वळायला लावणारे प्रसंग थोडे आहेत: मशीनचा पत्रा तळाशी सडलाय, ड्रममागची तीन पायांची धातूची स्पायडर क्षारांनी खाऊन तडकलीय, टब जोडून बंद केलेला असल्यानं बेअरिंगसाठी पूर्ण टबच घ्यावा लागतोय, किंवा एकदा बदललेलं कार्ड वर्षभरात पुन्हा गेलंय. शेवटच्या बाबतीत नवं मशीन लावण्याआधी त्या सॉकेटचं अर्थिंग आणि व्होल्टेज तपासून घ्या, नाहीतर नव्याचंही तेच होईल.

नवं फ्रंट लोड घेतलंत तर बसवणारा माणूस जाण्याआधी मशीनच्या पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत ना, हे स्वतः मोजा, ते सहसा तीन किंवा चार असतात. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन बाल्कनीभर नाचतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून बिलासोबत ठेवा. पुढे घर बदलताना टेम्पोत चढवण्याआधी ते परत लावायचे असतात.