रोलर ब्लाइंड आणि पडदे: गोव्यातला एक उन्हाळा, एक पावसाळा

शिमग्याच्या आधी ताळगावच्या फ्लॅटमध्ये रोलर ब्लाइंड, म्हणजे खिडकीवरच्या नळीवर गुंडाळले जाणारे सरळ कापड, बसवले आणि त्याच सुमारास डिचोलीच्या घरी नवे पडदे शिवून घेतले. आता चवथ होऊन गेली, म्हणजे एप्रिल-मेचे ऊन आणि जुलैचा पाऊस दोन्ही बघून झाले. मत आधीच सांगून टाकतो. दुकानात आपण तासभर रंग आणि कापड बघतो, पण ब्लाइंड सुखाचा ठरणार की डोकेदुखीचा हे ठरते मापावर, आणि तो चौकटीच्या आत बसवला की बाहेर यावर.

माप घ्यायला दुकानाचा मुलगा आला होता. त्याने टेप लावली ती खिडकीच्या कट्ट्यापाशी, हात सहज पोचतो तिथे, आणि वहीत लिहिले साडेसत्तेचाळीस इंच. मी स्टुलावर चढून वर मोजले तर 1198 मिलिमीटर. साडेसत्तेचाळीस इंच म्हणजे 1206.5. फरक साडेआठ मिलिमीटरचा, आणि ब्लाइंडचे ब्रॅकेट बसतात वरच! गिलाव्याच्या भिंतीत एवढा फरक कुठेही निघतो, त्यात त्या मुलाचे काही विशेष चुकले असे नाही. पण आत बसवायचा ब्लाइंड असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची आणि सर्वांत लहान आकडा द्यायचा. उंचीही डावीकडे, मध्ये, उजवीकडे मोजायची, तिथे मात्र सर्वांत मोठा आकडा, म्हणजे खाली फट राहत नाही. दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे, आणि सरळ उतरणारे कापड तो तिरकेपणा रोज दाखवत राहते. मापे मिलिमीटरमध्येच लिहा, इंचात ‘अर्धा-पाव’ करता करता सेंटीमीटर निसटतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दुकानाला विचारून घ्या: हे माप खिडकीच्या पोकळीचे आहे की तयार ब्लाइंडचे? पोकळीचे दिले तर कारखाना बसण्यापुरती सूट स्वतः कापतो. आपणही शहाणपणाने कापून दिली तर दुप्पट कापली जाते आणि दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या दिसतात. तशाही थोड्या दिसतातच. रोलरचे कापड ब्रॅकेट आणि साखळीच्या यंत्रणेमुळे एकूण रुंदीपेक्षा साधारण तीन सेंटीमीटर अरुंद असते. हॉलमध्ये मला त्याचे काही वाटत नाही. झोपायच्या खोलीत मात्र ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारे कापड घेऊनही कडेने उजेड आला असता, म्हणून तिथला ब्लाइंड चौकटीबाहेर भिंतीवर लावला, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्तीचा. दुपारी आडवे होता येते. बस, एवढेच हवे होते.

ब्लॅकआउट सगळीकडे घ्यायची गरज नाही. आपण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. मे सुरू होताना सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो आणि जूनमध्ये तर थोडा उत्तरेला सरकतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून भर उन्हाळ्यात ऊन जवळजवळ येतच नाही, ते डिसेंबरात येते. छळते ती पश्चिम. पैसे तिथे घाला, बाकीच्या खिडक्यांना साधे कापड पुरते.

पावसाळ्याचा हिशेब निराळा. दोना पावलाच्या बाजूचा खारा वारा आमच्याकडे थेट येतो. अॅल्युमिनियमच्या नळीला आणि प्लॅस्टिकच्या साखळीला काही झाले नाही, पण ब्रॅकेटचे साधे लोखंडी स्क्रू तांबरले, ते मी स्टेनलेसचे घालून घेतले. काच आणि ब्लाइंड यांच्यात हवा कोंडली की कापडाच्या मागे बुरशीचे ठिपके धरतात, म्हणून पावसात दिवसा ब्लाइंड अर्धा तरी वर ठेवावा. साखळी लोंबती ठेवू नका. लहान मुले घरी येत-जात असतील तर ती भिंतीवरच्या अडकणीत ताणून बसवलीच पाहिजे, गळ्यात अडकण्याचा धोका खरा आहे.

डिचोलीला ब्लाइंडचा विषय वहिनींनी एका वाक्यात संपवला. ‘‘भाऊजी, झडपा आत उघडतात. तुमचा ब्लाइंड खाली ओढला की खिडकी उघडायची कशी?’’ चिऱ्याच्या जाड भिंती, कोनाड्यासारख्या खोल खिडक्या, एकही कोन काटकोन नाही. तिथे पडदेच. रॉड चौकटीपेक्षा दोन्हीकडे सहा-सहा इंच लांब घेतला, म्हणजे पडदा सरकवला की झडपा मोकळ्या होतात आणि वाराही अडत नाही. चुन्याच्या गिलाव्यात प्लग धरत नव्हते, म्हणून आधी लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर रॉड बसवला.

पडद्याचे माप खिडकीचे नव्हे, रॉडचे. कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट तरी हवे. तयार पडदे बहुतेक चार फूट रुंद मिळतात. पाच फुटांच्या रॉडला दोनच घेतले तर ते ओढल्यावर चादरीसारखे ताठ दिसतात, तीन घ्यावे लागतात. उंचीही तयार मालात पाच, सात, नऊ फूट अशीच येते, आणि जुन्या घरांच्या खिडक्या मध्येच कुठेतरी असतात, त्यामुळे शिवून घेणेच बरे. सुती कापड शिवण्याआधी धुवून घ्या, आटते. पडदा जमिनीपासून इंचभर वर ठेवला, कारण पावसाळ्यात लादी सारखी ओली असते.

शेजारी आता हॉलला झेब्रा ब्लाइंड, म्हणजे जाड आणि विरळ आडव्या पट्ट्यांच्या दुहेरी कापडाचे, लावावे म्हणतात. दिसतात छान, पण दुहेरी कापडामुळे गुंडाळी जाड होते आणि तिला खोली जास्त लागते. त्यांच्या खिडकीत स्लायडिंग आणि जाळीची सरकती फ्रेम सोडून पुढे जेमतेम दोन इंच उरतात. आत बसणे कठीण, बाहेर लावायचे तर एसीचा पाइप आडवा येतो. आधी पाइप हलवायचा की साधा रोलर घ्यायचा, यावर त्यांच्या घरात सध्या चर्चा चालू आहे.